जुन्या गावांची खतावणी

नालासोपारा, सोपारा, शूर्पारक, सुप्पारक, शोर्पारग, सोपारक, सूप्पारा. वाचकहो, ही किती गावे झाली? पश्चिम रेल्वेने रोज ये-जा करणारा आमचा बांधव म्हणेल, एकच. पण हाच प्रश्न कॉम्प्युटरला विचारला तर तो सांगेल, सात. त्याला अक्षरे कळतात, गाव कळत नाही.

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. सोपाऱ्याच्या स्तूपावर सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह वंदनेला जाणारी कितीतरी कुटुंबे आमच्या वाचकांत आहेत. तो स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आत दगडी पेटी निघाली, तीत एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ लहान कांस्यमूर्ती निघाल्या. ही ठेव मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच वर्षी तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर 'सोपारका'हून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे सुत्ते मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्खूचे, दान कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या लेखात 'शोर्पारगा'चे नाव येते. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, त्या 'पेरिप्लस'मध्येही हे बंदर आहे. त्या ग्रंथाची दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्ग येथे आहे.

म्हणजे एका गावाची कागदपत्रे मुंबईत दोन ठिकाणी, मावळातल्या डोंगरात, नाशकात आणि जर्मनीत. प्रत्येक ठिकाणी गावाचे स्पेलिंग वेगळे. ज्याला सोपाऱ्याचा सगळा इतिहास एका जागी हवा, त्याने काय करावे?

आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने वाणिज्य शाखेचे. म्हणून आम्हांला याचे उत्तर पुराणवस्तूंच्या आधी हिशेबाच्या वहीत दिसते. दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत तारखेप्रमाणे टिपतात. मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. रोजकीर्दीत एके दिवशी 'रामभाऊ', दुसऱ्या दिवशी 'रामा शिंपी', तिसऱ्या दिवशी 'चाळ नंबर चारवाले' असे लिहिलेले असले तरी माणूस एक, खाते एक, खात्याचा पान क्रमांक एक. नावे कितीही असोत, बेरीज त्या क्रमांकाखाली होते.

जगातील काही विद्वानांनी गेल्या वीस वर्षांत प्राचीन गावांची अशीच खतावणी घातली आहे. तिची हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

कृत्तिका नावाची वही

सुरुवात कागदावरच झाली. ग्रीक आणि रोमन जगाचा एकही भरवशाचा नकाशासंग्रह नाही, या अडचणीवर अमेरिकेतील अभ्यासकांनी १९८८ साली काम सुरू केले. रिचर्ड टालबर्ट हे त्याचे संपादक. बारा वर्षांनी, २००० साली, 'बॅरिंग्टन अॅटलस' या नावाने ते जाडजूड पुस्तक निघाले. इंग्लंडपासून हिंदुस्थानपर्यंतचे नकाशे त्यात आहेत, आणि सोबत प्रत्येक नकाशातील गावांची सूची, कोणत्या आधारावर कोणते गाव कोठे दाखवले त्याच्या नोंदींसह.

पुस्तक छापून झाले की त्यातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते, आणि एवढ्या महागड्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघणार कधी? म्हणून ती सूची कॉम्प्युटरवर घेऊन सर्वांना खुली करावी, असे ठरले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील प्राचीन नकाशांचे केंद्र आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राचीन जगाच्या अभ्यासाची संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतले. टॉम एलियट हे त्याचे व्यवस्थापकीय संपादक. उपक्रमाचे नाव 'प्लायडीज', म्हणजे आपल्याकडच्या कृत्तिका. आज या वहीत पस्तीस हजारांहून अधिक स्थळांची खाती आहेत. ती कुणीही फुकट पाहावी, उतरवून घ्यावी, आपल्या कामात वापरावी. अट एवढीच की माहिती कुठून घेतली ते नमूद करावे.

वहीत रोम शहराचा क्रमांक ४२३०२५ आहे आणि अथेन्सचा ५७९८८५. हे आकडे मुद्दामच निरर्थक आहेत. नावालाच क्रमांक मानले असते तर पहिल्या आठवड्यात घोटाळा झाला असता. सिकंदराने आपल्या नावाची अलेक्झांड्रिया ठिकठिकाणी वसवली. नुसते 'अलेक्झांड्रिया' म्हटले तर कोणती समजायची? उलट एकाच गावाला ग्रीक एक नाव देत, रोमन दुसरे, आणि तिथली माणसे तिसरेच.

या मंडळींची खरी हुशारी आम्हांला खाते आखण्याच्या पद्धतीत दिसली. आपण सहज 'गाव' म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकत्र कालवतो: एक, ते गाव; दोन, त्याचे नाव; तीन, नकाशावरची त्याची जागा. प्लायडीजने या तिन्हींचे रकाने वेगळे केले. खाते गावाचे, म्हणजे माणसांनी ज्याला एक ठिकाण मानले त्या ठिकाणाचे. त्या खात्याखाली नावे हवी तेवढी, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या काळी, कोणत्या भाषेत, कोणत्या ग्रंथात वा लेखात आले याची नोंद. तसेच जागाही एकाहून अधिक असू शकतात. प्रत्येकीपुढे ती कुणी मोजली, कितपत अचूक, खात्रीची की संशयाची. एखादे खाते नावाशिवाय असते: उत्खननात वस्ती मिळाली, पण तिला काय म्हणत ते कुठेच लिहिलेले नाही. आणि एखादे खाते जागेशिवाय असते: नाव ग्रंथात आहे, गाव मात्र सापडलेले नाही. अशा गावांपुढे चक्क 'जागा अज्ञात' असा शेरा असतो. एवढेच नव्हे, पूर्वीच्या विद्वानांनी गैरसमजाने मानलेली, प्रत्यक्षात नसलेली गावेही 'खोटे' असा शेरा मारून ठेवलेली आहेत, म्हणजे पुढच्याने पुन्हा त्याच खड्ड्यात पडू नये. खोटी नोंद खोडायची नाही, तिच्यावर शेरा मारायचा, ही शिस्त कचेरीत मुरलेल्या माणसाला लगेच पटेल.

कोणत्या नोंदीत कोणी, कधी भर घातली हेही तिथे दिसते. सूचना पाठवायला पदवीची अट नाही. पाठवलेली नोंद संपादक तपासतात आणि मग घेतात.

कपाटे आपापली, क्रमांक एक

खतावणी झाली. आता जोडणी कशी होते ते पाहू.

इंटरनेटवर पानाला पान जोडण्याची युक्ती ज्यांनी शोधली त्या टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली एक टिपण लिहिले. त्यातला सांगावा साध्या शब्दांत असा: नुसती पाने जोडू नका, वस्तूच जोडा. प्रत्येक वस्तूला इंटरनेटवरचा एक कायमचा पत्ता द्या. त्या पत्त्यावर गेले की तिची माहिती मिळाली पाहिजे. आणि त्या माहितीतून दुसऱ्यांच्या वस्तूंच्या पत्त्यांकडे वाटा निघाल्या पाहिजेत. याला 'लिंक्ड डेटा', म्हणजे जोडलेली माहिती म्हणतात. तीत प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांच्या छोट्या वाक्यात मांडतात. 'सातिमित – याचे गाव – सोपारक.' 'हा खांब – आहे – कार्ल्याला.' 'सोपारक – हे नाव आहे – अमुक क्रमांकाच्या स्थळाचे.' अशी वाक्ये निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या देशांत लिहिलेली असली तरी क्रमांक तोच असल्यामुळे कॉम्प्युटर ती एकमेकांत गुंफू शकतो.

२०११ साली इंग्लंडमध्ये लीफ आयझॅक्सन आणि एल्टन बार्कर, ऑस्ट्रियात रायनर सायमन, अशा मंडळींनी हे प्राचीन जगाच्या बाबतीत करून पाहायचे ठरवले. त्यांच्या उपक्रमाचे नाव 'पेलाजिओस'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ समुद्राचा. त्यांनी नवी मोठी इमारत बांधली नाही, सगळ्यांचे सामान एका गोदामात आणले नाही. ग्रंथ ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहोत, नाणी नाणेसंग्रहात राहोत, शिलालेखांची छायाचित्रे त्या त्या संस्थेत राहोत. प्रत्येकाने एवढेच करावे की आपल्या वस्तूत जे गाव आले आहे त्यापुढे प्लायडीजचा क्रमांक टाकावा. हेरोडोटसच्या ग्रंथात जिथे 'अथेन्स' आले तिथे ५७९८८५, अथेन्सच्या नाण्यापुढे ५७९८८५, अथेन्सच्या मडक्यापुढेही तोच आकडा. मग अथेन्सचे खाते उघडले की तिन्ही कपाटांतल्या वस्तू समोर येतात, आणि कुणालाही आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याला द्यावी लागत नाही. ग्रंथातील वा जुन्या नकाशावरील गावांच्या नावांवर असे क्रमांक चढवण्यासाठी त्यांनी 'रेकोजिटो' नावाचे साधनही तयार केले. जमलेल्या संस्थांचे २०१९ पासून एक जाळे आहे. हुकूम सोडणारे मुख्य ऑफिस म्हणावे असे त्यात काही नाही.

कॉम्प्युटर आता बरेच काही आपोआप ओळखतो हे खरे. तरी 'हे नाव त्याच गावाचे' हा शेवटचा निर्णय माणसानेच तपासावा लागतो. काम कारकुनी आहे, त्याला मान कमी आहे, आणि त्यावाचून वरचा सगळा डोलारा उभा राहत नाही. (हे आम्ही आपल्या जातभाईंच्या, म्हणजे कारकुनांच्या, बाजूने लिहीत आहोत, असे कुणी म्हटले तर म्हणो.)

तगर कुठले?

जागा आणि गाव वेगळे ठेवण्याचा उपयोग आपल्याच मुलखातल्या एका उदाहरणावरून कळेल. पेरिप्लसमध्ये लिहिले आहे की बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैठाना' आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे फार मोठे शहर आहे. पैठाना हे पैठण, यावर वाद नव्हता. पण तगर? कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट यांनी दाखवून दिले की तगर म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर. तेथे लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. हस्तिदंताची सुंदर स्त्रीमूर्ती तेथलीच.

आता विचार करा. १९०१ च्या आधी एखाद्याने 'तगर' या नावापुढे सरळ दौलताबादचे अक्षांश-रेखांश लिहून वही बंद केली असती, तर पुढची शंभर वर्षे त्या ओळीवर विसंबलेला प्रत्येक हिशेब चुकला असता. खाते वेगळे आणि जागा वेगळी असेल तर फक्त जागेचा रकाना बदलतो; जुने मत तारखेसह शिल्लक राहते, आणि तगर खात्याला जोडलेल्या ग्रंथाला वा नाण्याला हात लावावा लागत नाही. तेर ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावाचा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण याहून सोपे करून सांगता येणार नाही.

जुन्या ग्रंथातील आकड्यांवरही आंधळा विश्वास चालत नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हजारो गावांचे अंश-कला लिहून ठेवले, त्यात पैठणही आहे. पण त्याच्या हिशेबाने नकाशा काढला तर आपला दक्षिण हिंदुस्थान चेपून सपाट झालेला दिसतो. पश्चिम किनारा खाली उतरण्याऐवजी पूर्वेकडे पसरत जातो. म्हणून टॉलेमीचा आकडा 'टॉलेमीने असे सांगितले' म्हणून ठेवायचा, गावाची खरी जागा म्हणून नव्हे.

सुतार सामीचे गाव

ही पद्धत आम्हांला आपल्या लोकांच्या कामाची का वाटली, ते आता सांगतो. कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले नाही असा आमचा वाचक विरळा. त्याच्या दर्शनी भागावरच्या एका लेखात लिहिले आहे की धेनुकाकटाच्या सामी नावाच्या वड्ढकीने, म्हणजे सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार घडवले. शेजारी धेनुकाकटाच्याच सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, दान आहे. आतल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सुतार, अत्तरविके आणि परदेशी व्यापारी एका गावातून आले आणि एका दगडावर आपली नावे ठेवून गेले. लेखात राजाच्या बरोबरीने सुताराच्या बापाचेही नाव टिकले आहे.

हे धेनुकाकट कुठे? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या जवळपासच शोधले. काहींनी ते थेट आंध्रातल्या धरणीकोटला नेले. शेवटचा निकाल लागलेला नाही. जुन्या पद्धतीच्या नकाशात अशा गावाला स्थान नाही, कारण टिंब कुठे काढणार? आणि नकाशात नाही म्हणजे सूचीत नाही, सूचीत नाही म्हणजे शोधणाऱ्याला सापडत नाही. मग सामी सुताराचे नाव दगडावर असूनही बेपत्ता. जागा अज्ञात असलेल्या गावालाही खाते देणारी पद्धत असेल तर सामी, सिंहदत्त आणि ते यवन एकाच क्रमांकाखाली येतात. कुणी उद्या म्हणेल की ज्या गावचे सुतार आणि गांधिक मोठे दान देऊ शकत होते ते गाव कसे असेल, ते पाहू. त्याला सगळे लेख एका ठिकाणी मिळतील.

पण इथेच आमची तक्रारही आहे. मूळ वही ग्रीक आणि रोमन जगाची. हिंदुस्थानातली जी गावे बॅरिंग्टनमध्ये गेली ती मुख्यतः त्यांच्या व्यापाऱ्यांनी आणि भूगोलकारांनी ज्यांची नावे घेतली म्हणून. व्यापाऱ्याला बंदर दिसते, बाजार दिसतो, जकात दिसते. पेरिप्लसचा लेखक कल्याणविषयी सांगतो की पूर्वी ते रीतसर बाजारपेठेचे बंदर होते, पण आता तिथे ग्रीक जहाज चुकून आले तर पहारा लावून भडोचला नेतात. एवढी बारीक बातमी त्याच्याकडे आहे. पण त्याच कल्याणच्या सोनाराने आणि लोहाराने ज्या कान्हेरीच्या डोंगरात दाने दिली तो डोंगर त्याच्या ग्रंथात नाही. कार्ले नाही. विहारात त्याचा माल विकला जात नव्हता, म्हणून विहार त्याच्या वहीत नाहीत. यात प्लायडीजवाल्यांचा दोष काढावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी आपल्या वहीची हद्द लपवलेली नाही. परंतु ज्यांची वही आधी तयार झाली त्यांचेच जग ठळक दिसते, आणि ज्यांनी वही घातली नाही त्यांचे जग फिकट, हा जगाचा न्याय आहे.

हद्द ओलांडणारी कामेही सुरू झाली आहेत. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात 'वर्ल्ड हिस्टॉरिकल गॅझेटियर' नावाची साऱ्या जगाच्या ऐतिहासिक स्थळांची सूची तयार झाली असून ती कोणत्याही प्रदेशातील अभ्यासकांनी केलेल्या याद्या स्वीकारते. २०१२ पासून चालू असलेल्या 'विकिडेटा'त तर कुणीही, अगदी आपल्या वस्तीतला कॉलेजचा मुलगाही, नोंद करू शकतो. प्लायडीजचा क्रमांक लिहायचा रकाना तिथे आहेच.

फक्त जोडताना जपून. आजचे नालासोपारा आणि प्राचीन सोपारक 'तंतोतंत तेच' असे लिहिले तर कॉम्प्युटर बिनधास्त म्हणेल की सम्राट अशोकाच्या काळी नालासोपाऱ्यात रेल्वे स्टेशन होते आणि ते २०१४ साली निघालेल्या पालघर जिल्ह्यात होते. म्हणून या सूचींत 'तंतोतंत तेच' आणि 'जवळजवळ तेच' अशी दोन वेगळी नाती ठेवलेली आहेत. सोपाऱ्याच्या बाबतीत दुसरे नाते योग्य, असे आमचे मत. भक्तिभावाने पहिले लिहावेसे वाटेल, पण लिहू नये.

तसेच आधाराशिवाय एकही ओळ घालू नये. ब्राह्मी शिलालेखांची ल्यूडर्स यांनी केलेली क्रमवार यादी १९१२ साली छापली गेली आहे. तीत लेखाला क्रमांक आहे, आणि आजही अभ्यासक त्याच क्रमांकाने लेख ओळखतात. सहलीहून आल्यावर मुलांनी नुसते फोटो न ठेवता त्यातल्या एका लेखाचा ल्यूडर्स क्रमांक शोधावा, त्यात दाता कोण, धंदा कोणता, गाव कोणते ते वहीत तीन रकाने आखून लिहावे. गाव धेनुकाकट असेल तर जागेचा रकाना कोरा ठेवावा.